‘नेटिव्ह ओन्ली’ वाचून लॅपटॉप बंद करू नकोस

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. एम.ए. इंग्लिश, बी.एड., कोथरूडच्या शाळेतला अनुभव, आणि तरी परदेशात इंग्रजी शिकवायच्या नोकरीची जाहिरात उघडावी तिथे ‘नेटिव्ह स्पीकर्स ओन्ली’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, मग डोकं फिरणारच. पण एक लक्षात घे, ही अट कधी त्या देशाचा कायदा असते आणि कधी नुसतीच शाळामालकाची समजूत, आणि हे दोन वेगळे केल्याशिवाय अर्ज करत सुटणं म्हणजे नुसती दमछाक.

कायद्याशी वाद घालून काही होत नाही. कोरियाचा भाषा शिकवणाऱ्यांसाठीचा ई-२ व्हिसा सात देशांच्या पासपोर्टलाच मिळतो, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, विषय संपला. (भारत-कोरिया सेपा हा व्यापार करार २०१० पासून आहे, त्यात टीचिंग लायसन असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत असिस्टंट म्हणून घ्यायची सोय आहे, पण वाट फार अरुंद, त्यावर सगळं सोडू नकोस.) जपानमध्ये शाळेत शिकवायचं तर बारा वर्षं इंग्रजीतून शिकल्याचा पुरावा मागतात. तू इंग्लिश मीडियमची, तेव्हा शाळेत जाऊन तसं सर्टिफिकेट आत्ताच घेऊन ठेव, आमच्यासारख्या मराठी मीडियमवाल्यांचं घोडं तिथेच पेंड खातं.

आता जिथे फक्त समजूत आडवी येते ते देश. थायलंड, व्हिएतनाम. डिग्री, टीईएफएल (इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट) आणि टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर असेल तर दार उघडतं, फिलिपिनो टीचर्स तिथे ढिगाने आहेत. तिथे ‘नेटिव्ह ओन्ली’ लिहिलेलं असलं तरी बिनधास्त अर्ज टाक. पगार मात्र आधी विचार, कारण त्याच वर्गासाठी गोऱ्या माणसाला जास्त देणं तिथे सर्रास चालतं, राग येतो पण आकडा माहीत असलेला बरा. आणि आखात विसरू नकोस, दुबई, मस्कत, दोहाच्या सीबीएसई शाळांना तुझं बी.एड. कळतं, तिथे तुला स्वतःला पटवून द्यावं लागत नाही.

समजूत मोडते ती डेमोत, म्हणजे मुलाखतीत शिकवून दाखवायच्या तासात. मी भरतीच्या मुलाखतींना बसलेय म्हणून सांगते, आपले लोक इंग्रजीत पडत नाहीत, लेक्चरमध्ये पडतात. वीस मिनिटांच्या डेमोत पंधरा मिनिटं स्वतःच बोलतात आणि शेवटी ‘डू यू अंडरस्टँड?’, मुलं ‘येस मिस’, झालं! समज तुला ‘ही यूज्ड टू स्मोक’ शिकवायचंय. नियम सांगू नकोस, विचार, तो आधी ओढायचा का? आता ओढतो का? एकदाच ओढली होती का नेहमी? मुलांच्या उत्तरांतून कळतं समजलं की नाही. हे शिकायला सेल्टा चांगला, केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा १२० तासांचा कोर्स आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं, कोणीतरी मागे बसून बघत असतं. महाग आहे, मान्य, पण ऑफरमध्ये मिळणाऱ्या ऑनलाइन टीईएफएलमध्ये समोर एक मूल नसतं. आणि ॲक्सेंट खोटा काढू नकोस गं, तिसऱ्या मिनिटाला उघडा पडतो.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ जातो. प्रोव्हिजनल चालत नाही, विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्रच लागतं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, खाली आईचं, आणि पासपोर्टवर वेगळीच मांडणी, हनोईच्या एचआरला वाटतं ही दोन माणसं आहेत. म्हणून स्पेलिंग आजच ताडून बघ, फरक असेल तर ॲफिडेव्हिट. डिग्रीचं आधी राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं; हेग करारातल्या देशांना अपोस्टिल (त्या करारानुसार मंत्रालय देतं तो शिक्का) पुरतं, यूएईसाठी वर एम्बसीचा शिक्का. पोलीस क्लिअरन्सची अपॉइंटमेंट मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची मिळते, पण ते शेवटी कर, जुनं झालं की परत काढायला लावतात. आयेल्ट्सचंही तसंच, दोन वर्षांत संपतं.

डेक्कनवरच्या त्या एजंटचं लिहिलंस, ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे कन्व्हर्ट करू’ वगैरे. त्याच्याकडे परत जायचं नाही. पकडली गेलीस तर डिपोर्ट तू होणार, तो डेक्कनवरच बसून राहणार. एजंटकडेच जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचं रजिस्ट्रेशन तपास, फी ३०,००० रुपये आणि जीएसटी, त्यावर एक रुपया मागितला तर उठून ये.

आधी वीस मिनिटांचा धडा फोनवर शूट कर, तुझ्याच सातवीच्या वर्गात, आणि मला पाठव. रेझ्युमे नंतर बघू.