डॉक्टरांचं पत्र असलं तरी बंद रस्त्यावर एटीव्ही नेता येत नाही, पण बाकी बरंच करता येतं

ताई, तुम्ही विचारलंय की भाऊ अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे, कोलोरॅडोच्या नॅशनल फॉरेस्टमधल्या गाड्यांना बंद असलेल्या एका रस्त्यावरून त्याला एटीव्हीने, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या छोट्या मोटारगाडीने, आत न्यायचंय, तर डॉक्टरांचं पत्र आणि अपंगांच्या पार्किंगचं प्लॅकार्ड पुरेल का. नाही पुरणार. नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिस या केंद्रीय खात्याच्या २००५ च्या नियमाप्रमाणे गाड्या कुठे चालतील याचा नकाशा असतो, मोटार व्हेइकल यूज मॅप म्हणतात, फुकट मिळतो, त्यावर रस्ता नसेल तर एटीव्ही नाही, मग चालवणारा कोणीही असो.

पण व्हीलचेअर त्यांच्या लेखी गाडीच नाही, बॅटरीवर चालणारी असली तरी, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये. फक्त चालता न येणाऱ्या माणसासाठीच बनवलेली असावी आणि इमारतीच्या आत माणसं चालतात तिथे वापरता यावी, एवढंच बघतात. यात बसली की जिथे पायी जाता येतं तिथे ती नेता येते, अगदी वाइल्डरनेसमध्येसुद्धा, म्हणजे कायद्याने जशीच्या तशी राखलेल्या जंगलात, जिथे १९६४ च्या कायद्याने सायकललाही बंदी आहे. अपंगांच्या हक्कांसाठीच्या १९९० च्या एडीए कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय. मात्र तिथेच हेही आहे की त्यासाठी वाट रुंद किंवा सपाट करून देणं सरकारवर बंधनकारक नाही, त्यामुळे दगड, मुळं, ओढे सगळं आहे तसंच असणार, बॅटरी आणि चाकं बघूनच वाट निवडा.

स्टेट आणि काउंटी पार्कचं गणित वेगळं. १५ मार्च २०११ पासून लागू असलेल्या नियमाने चालता न येणारा माणूस गोल्फ कार्ट, सेगवे (उभं राहून चालवायची दोन चाकी बॅटरी गाडी) असलं काही वापरत असेल तर पार्कला सरसकट नाही म्हणता येत नाही, वजन, वेग, वाटेवरची गर्दी, सुरक्षितता, निसर्गाचं नुकसान हे बघून ठरवावं लागतं. तिथे भाऊचं प्लॅकार्ड कामाला येईल, आणि काय आजार आहे हे त्यांना विचारता येत नाही. म्हणून आधी जमीन कोणाची ते शोधा, मग फोन करा.

भाऊसाठी माझं मत विचाराल तर स्टॉन्टन स्टेट पार्क. डेन्व्हरपासून साधारण तासाभरावर आहे, २०१७ पासून तिथे ट्रॅक चेअर देतात, रणगाड्यासारखे पट्टे असलेली खुर्ची, ठरलेल्या ट्रेल्सवर व्यवस्थित चढते, आधी बुकिंग मात्र करावं लागतं.

काही जण म्हणतात अपंगांसाठी सगळे रस्ते गाड्यांना खुले करा. मला ते मुळीच पटत नाही. मी स्वतः पॉवर चेअरवर आहे आणि जंगलात जाते ती शांततेसाठीच, तिथे एटीव्हींची रांग लागली तर मला काय मिळालं? मागायचंच तर ट्रॅक चेअर जास्त पार्कांत मागूया, आत जाता येतील अशी टॉयलेट्स मागूया, आणि ट्रेलच्या सुरुवातीच्या पाटीवर चढ किती, रुंदी किती, जमीन कसली हे लिहिलेलं असावं, कारण नुसतं ‘सोपा ट्रेल’ वाचून आम्हाला काही कळत नाही.

आता बाबांच्या पासचं. ते व्हिजिटर व्हिसावर आलेत म्हणून त्यांना अ‍ॅक्सेस पास, म्हणजे नॅशनल पार्कसारख्या केंद्र सरकारच्या जागांचा अपंगांसाठीचा प्रवेश पास, मिळणार नाही, तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच, तेही कायमचं अपंगत्व असेल तर. पण भाऊकडे ग्रीन कार्ड आहे ना, मग त्याचा काढा, फुकट आणि आयुष्यभराचा असतो, आणि जिथे गाडीमागे प्रवेश फी असते तिथे त्याच गाडीतले बाबाही त्यावर आत जातात. ग्रँड कॅन्यनला गेलात तर गेटवर सीनिक ड्राइव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी परमिट मागा, तिथला हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंद असतो पण या परमिटवर स्वतःची गाडी नेता येते, बाबांचे गुडघे दुखतात म्हणताय तर शटलची चढउतार वाचेल.

भाऊच्या चेअरची रुंदी आणि वजन कळवा, त्याप्रमाणे तुमच्या जवळपासचे ट्रेल सुचवते.