जुने चार सोलर पॅनल १४,००० रुपयांत: घ्यावे का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. घरी १५० वॉटचे दोन पॅनल, १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक ट्युब्युलर बॅटरी आणि साधा सोलर इन्व्हर्टर आहे. बॅटरीला तीन वर्षं झाली. रात्री लाइन गेली की दोन पंखे आणि तीन दिवे चालतात, पण दहाला गेलेली लाइन अडीचपर्यंत आली नाही तर बॅटरी बसते. श्रावणात त्याच्याही आधी. अमरावतीचा एक व्यापारी २५० वॉटचे जुने पॅनल ३,५०० रुपयांना एक, असे चार देतो आहे. अँगल, वायर, गाडीभाडं धरून खर्च २०,००० वर जातो. पैसे वहिनींच्या बचत गटातून शेकडा दोनने उचलायचे ठरलंय आणि १,००० रुपये बयाणा दिलाय.

भाऊ, हा व्यवहार थांबवा. जुना माल म्हणजे वाईट माल, असं माझं म्हणणं नाही. तुमच्या घरी कमी पडते ती बॅटरी, आणि तुम्ही विकत घेताय पॅनल.

हिशेब बघा. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे कागदावर १.८ युनिट वीज. बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच रोज वापरावी, म्हणजे ०.९ युनिट. तुमचे आत्ताचे दोन पॅनल उघडीप असलेल्या दिवशी एवढी वीज भरून देतात. भरलेल्या बॅटरीत आणखी चार पॅनलची वीज कुठे ठेवणार? शिवाय १५० एएचच्या बॅटरीला साधारण १५ अँपिअर चार्जिंग मानवतं. चार पॅनल वाढवले तर करंट त्याच्या तिप्पट होतो. पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा कंट्रोलर जळाला नाही तरी बॅटरीतलं पाणी उकळून उडत राहील, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात ती आधीच हाल सोसत असते.

दुसरी गोष्ट व्यापारी सांगणार नाही. कदाचित त्यालाही माहीत नसेल. २५० वॉटचा पॅनल ६० सेलचा असतो. तो ३० व्होल्टच्या आसपास काम करतो आणि मोकळा असताना ३७ व्होल्ट दाखवतो. तुमचा साधा, म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याचे व्होल्ट बॅटरीच्या पातळीवर ओढून आणतो. करंट तेवढाच, ८ अँपिअर. त्याला १३ व्होल्टने गुणा: हातात येतात १०५ वॉटच्या आसपास. तुमच्या घरचा १५० वॉटचा पॅनलही एवढंच देतो. म्हणजे २५० च्या नावाने तुम्ही १५० चा माल घेताय, तोही दहा-बारा वर्षं जुना आणि गॅरंटीशिवाय. १२ व्होल्टच्या बऱ्याच साध्या इन्व्हर्टरना पॅनलचे २५ व्होल्टच चालतात, ते मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तिथे ३७ व्होल्ट जोडले तर इन्व्हर्टरच जायचा. जादा व्होल्ट वाया न घालवता त्यांचा करंट करून देणारा एमपीपीटी कंट्रोलर घेतला तर हे दुखणं मिटतं, पण त्याचे आणखी काही हजार.

आता कर्जाकडे वळू, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. २०,००० रुपये शेकडा दोनने घेऊन दर महिन्याला मुद्दल फेडत एका वर्षात संपवले, तरी व्याज २,६०० रुपये होतं. वाढीव विजेतली दिवसा तुम्ही फार तर रोज एक युनिट वापराल: वहिनींचं शिलाई मशीन, टीव्ही, एखादा पंखा. वर्षातले ३०० दिवस धरा आणि पहिल्या १०० युनिटांचा वहन आकारासह साधारण ६ रुपये दर धरा. बचत होते १,८०० रुपये. पहिल्याच वर्षी व्याज बचतीच्या पुढे जातं. पुढे मूळ २०,००० वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील, आणि पॅनल तर आत्ताच तेवढे म्हातारे आहेत.

काहीजण सुचवतील की डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत पीक कर्ज बिनव्याजी मिळतं, त्यातूनच घ्या. तसं करू नका. ती सवलत मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळते. सोयाबीनला भाव नाही मिळाला तर आधी वावरासाठी पैसा लागेल.

मग रात्रीचं काय करायचं? दोन पंखे बदला. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. आज तुमचा रात्रीचा भार पंखे-दिवे मिळून पावणेदोनशे वॉट आहे, तो नव्वदवर येईल. अडीचला बसणारी बॅटरी सकाळपर्यंत जाईल. दोन पंख्यांना ६,००० रुपये लागतील. लाइन असताना मीटरही कमी फिरेल, हा फायदा वेगळा. या पत्रातला सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे, पण पंख्याचा सेल्समन सोलरवाल्याइतका गोड बोलत नाही म्हणून लोकांचं तिकडे लक्ष जात नाही.

पावसाळ्याची तुमची तक्रार मात्र रास्त आहे. ढगाळ दिवशी पॅनल निम्म्याहूनही कमी देतात, आणि तिथे जास्त पॅनलचा खरोखर उपयोग होतो. त्यासाठी एक पॅनल पुरे, आहेत तसाच १५० वॉटचा, ३६ सेलचा. कंट्रोलर किती अँपिअरचा आहे ते आधी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा नव्याचा भाव नव्याने विचारा. असा पॅनल जुना मिळाला, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत आणि घरच्या पैशातून, तर मी हो म्हणेन. पण तपासून घ्या. व्यापारी मल्टीमीटर लावून व्होल्ट दाखवेल. थकलेला पॅनलही व्होल्ट जवळपास पूर्ण दाखवतो. तुम्ही अँपिअर मागा. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, शॉर्ट करून मोजलेला करंट स्टिकरवरच्या आकड्याच्या जवळ हवा. मागची पांढरी शीट हाताला खडूसारखी लागत असेल किंवा जंक्शन बॉक्स काळवंडला असेल तर सोडून द्या.

आणि पक्कं बिल, अनुक्रमांकासह. शेतातल्या सौर पंपांचे पॅनल चोरीला जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल नसलं की पोलिसांसमोर बाजू मांडणं जड जातं.

घराच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचंही तुम्ही विचारलंय. १ किलोवॉटला ३०,००० रुपये अनुदान मिळतं, २ ला ६०,०००, ३ आणि वर ७८,०००. ते नव्या, भारतीय बनावटीच्या पॅनललाच, जुन्याला नाही. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांना राज्याच्या स्मार्ट योजनेतून वरची भरही मिळू शकते. बिलासाठी ही योजना उत्तम. पण बॅटरी नसलेलं, थेट लाइनला जोडलेलं ऑनग्रिड सोलर लाइन गेली की स्वतःही बंद पडतं, त्यामुळे तुमच्या रात्रीचा प्रश्न त्याने सुटत नाही. छत स्लॅबचं झालं आणि मीटर तुमच्या नावावर आला की पुढच्या वर्षी विचार करा. तोवर महिन्याला ६०० रुपयांची बँकेत दोन वर्षांची आरडी काढा. दोन वर्षांत १५,००० च्या वर जमतील, आणि साधारण तेव्हाच ही बॅटरी बदलायला येईल.

बयाण्याचे हजार रुपये परत मागून बघा. नाहीच दिले तर त्यात डीसी वायर, फ्यूज किंवा डिस्टिल्ड वॉटर घ्या. हजार वाचवायला २०,००० घालू नका.