चीट शॉट : वाचकांचे प्रश्न

सेटवर कुणी ‘थोडं चीट कर’ म्हणालं की खुर्ची चार बोटं सरकते, भिंतीवरचं चित्र हातभर खाली येतं, नट समोरच्याच्या अंगाला अंग लावून उभा राहतो. पडद्यावर मात्र सगळं जागच्या जागी दिसतं. हाताशी पैसा कमी असताना ही चलाखी कुठवर ताणता येते, असं विचारणाऱ्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : रात्री चालत्या गाडीत दोघांचं बोलणं आहे. गाडी ओढायला ट्रेलर नाही, रस्ता अडवायची परवानगीही नाही. उभ्या गाडीत हे जमेल का?

जमेल, आणि प्रसंग रात्रीचा आहे म्हणून तर फारच चांगलं जमेल. काळोखात बाहेरचा रस्ता दाखवावाच लागत नाही. गाडी चालते आहे हे प्रेक्षकाला चेहऱ्यावरून सरकणाऱ्या उजेडावरून कळतं, तेव्हा सगळी मेहनत त्या उजेडावर घ्या.

रस्त्यावरचा दिवा गाडीत शिरतो कसा, हे आधी एकदा नीट बघून ठेवा. दिवा लांब असतो तेव्हा उजेड समोरच्या काचेतून थेट तोंडावर येतो. गाडी जवळ जाते तसा दिवा उंच होत जातो आणि छपराची सावली कपाळावरून हनुवटीवर, तिथून छातीवर, मांडीवर उतरत येते. स्टिअरिंगवरच्या हातांवरचा उजेड सगळ्यांत शेवटी जातो. हा क्रम उलटला की गाडी मागे चालल्यासारखी वाटते, आणि नेमकं काय चुकलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

लांब काठीच्या टोकाला बॅटरीवरचा छोटा एलईडी बांधा. एकाने बॉनेटच्या पुढे काचेच्या उंचीवर तो धरायचा आणि उचलत उचलत छपरावरून मागे न्यायचा. परतताना दिव्यासमोर पुठ्ठा धरायचा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. खांब ३० मीटरवर आहेत असं धरलं तर साधारण दर दोन सेकंदांना एक दिवा जायला हवा. एकट्याला हा ठेका सांभाळता येत नाही, दोघांनी दोन काठ्या आळीपाळीने फिरवाव्यात. दिवा मंद करायला स्वस्त डिमर वापरू नका, चित्रात पट्टे फिरतात. त्यापेक्षा दिव्यावर बटर पेपर लावा किंवा काठी लांब धरा.

मागच्या काचेत दुसरी गाडी हवी असेल तर एका फळीवर दोन छोटे दिवे बसवा. खऱ्या गाडीचे हेडलाइट एकमेकांपासून साधारण सव्वा मीटरवर असतात. गाडी २० मीटर मागे भासवायची आहे आणि फळी ५ मीटरवर आहे, तर दिव्यांमध्ये सुमारे ३० सेंटीमीटर ठेवा. लेन्सचं छिद्र एफ/२ च्या आसपास, म्हणजे मोठं उघडं असलं की त्यांचे नुसते गोळे दिसतात, फळी दिसत नाही.

हादरे देताना बहुतेकांचा हात जड होतो आणि गाडीची होडी होते. मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून पाच-सहा सेकंदांतून एकदा हलकं दाबलं तरी पुरतं. वळण दाखवायचं असेल तर बाहेरून कुणीतरी ‘डावीकडे’ असा आवाज द्यावा, म्हणजे आतले दोघं एकाच वेळी एकाच बाजूला कलतील. चालवणाऱ्याने स्टिअरिंग बोटभरच हलवायचं आणि बोलताना सोबत्याकडे क्षणभर पाहून नजर पुन्हा रस्त्यावर न्यायची. नजर तीन सेकंद तिकडेच राहिली तर प्रेक्षक अपघाताची वाट पाहायला लागतो. इंजिन बंदच ठेवा; आवाज तर बिघडतोच, शिवाय बंदिस्त जागेत त्याचा धूर जीव घेतो. काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून बाहेरच्या सगळ्यांनी काळे कपडे घालावेत.

प्रश्न : रात्रीचं बाहेरचं दृश्य दिवसा चित्रित केलं, पण ते रात्रीऐवजी अंधारलेली दुपार वाटतं. कुठे चुकलं?

बहुधा सूर्य नटाच्या तोंडावर होता. ‘डे फॉर नाइट’मध्ये सूर्य हाच चंद्र असतो, आणि तो पात्राच्या मागे किंवा मागच्या एका बाजूला हवा. मग केसांना, खांद्यांना उजळ कड येते आणि चेहरा सावलीत राहतो. ढगाळ दिवशी ही कडच मिळत नाही, म्हणून त्या दिवशी हा शॉट घेऊच नये.

दुसरी शंका आकाशाची. दिवसाचं आकाश झाडाझुडपांपेक्षा कितीतरी उजळ असतं, त्याची फट जरी दिसली तरी सगळं फसतं. कॅमेरा उंचावर नेऊन खाली झुकवा, मागे झाडी किंवा भिंत घ्या.

व्हाइट बॅलन्स (चित्राची रंगछटा ठरवणारी कॅमेऱ्यातली सेटिंग) ३२०० केल्विनवर ठेवायचा असं सगळीकडे सांगितलं जातं. त्याने निळं येतं, पण फार निळं येतं. ४००० च्या आसपास ते सुसह्य होतं. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात टिपला जाणारा उजेड, दीड ते दोन स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) आणि उरलेला अंधार संकलनाच्या वेळी वाढवा. कॅमेऱ्यातच चार स्टॉप पाडले तर नंतर चेहरा उचलताना सगळीकडे दाणे येतात. रंगही उतरवावे लागतात. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कमी दिसतात आणि लाल सगळ्यांत आधी काळवंडतो, म्हणून लाल इतरांपेक्षा जास्त खाली आणा. नटाला लाल शर्ट न दिलेलाच बरा. आणि ध्वनीतून पाखरांची किलबिल काढा, तिथे रातकिडे घाला. पाखरांमुळे फसलेली रात्र कितीही रंगसंस्कार केले तरी वाचत नाही.

चौकटीत पेटलेली खिडकी किंवा कंदील हवा असेल तर ही युक्ती सोडून द्या. भर उन्हात साधा बल्ब पेटलेला दिसतच नाही. सूर्य मावळल्यावरचा संधिप्रकाश त्यासाठी उत्तम, पण तो जेमतेम पाव ते अर्धा तास टिकतो. तालीम आधी उरकून ठेवा.

प्रश्न : डबल रोलचा शॉट फोनवर घेतला. दोन्ही भाग जोडल्यावर मधोमध रेघ दिसते.

म्हणजे दोन टेकमध्ये काहीतरी हललं किंवा बदललं. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. फोनवर हे सोडलं तर नट सरकला की उजेड आपोआप बदलतो. ट्रायपॉडवर वजन टांगा आणि स्टॅबिलायझेशन बंद करा. ते चालू असलं की स्थिर फोनमधली चौकटही किंचित तरंगते. रेकॉर्डचं बटण बोटाने दाबू नका. एकदाच चालू करा आणि दोन्ही टेक होईपर्यंत चालूच ठेवा.

तरीही रेघ दिसली तर सूर्याकडे बघा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. कपडे बदलायला, केस विंचरायला २० मिनिटं लागली की सावल्या ५ अंशांनी फिरल्या, आणि जोडावर फरशीवरची सावली तुटते. म्हणून असा शॉट पडदे ओढून दिव्यांवर घ्या.

जोड मोकळ्या भिंतीवरून जाऊ देऊ नका. दाराची चौकट, कपाटाची कड, भिंतीचा कोपरा अशा उभ्या रेषेवर तो लपतो. जोडाची कड किंचित मऊ ठेवा. दोन्ही टेकमध्ये हात तर सोडाच, सावलीसुद्धा ती रेषा ओलांडणार नाही, हे प्रत्येक टेकनंतर तपासा. नजरेसाठी दुसऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला चिकटपट्टी लावा, आणि पहिल्या टेकचे संवाद नटाला कॅमेऱ्याच्या पलीकडच्या कानातल्या इअरफोनमधून ऐकवा. उत्तर देण्याची वेळ त्यानेच जुळते.

प्रश्न : खेळण्यातली जीप दरीत पाडली, पण ती खेळण्यासारखीच दिसते.

कारण ती फार लवकर खाली पडते. प्रतिकृती जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतका फ्रेमरेट (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) वाढवायचा असतो. जीप १/१६ मापाची असेल तर १६ चं वर्गमूळ ४. म्हणजे २५ फ्रेम्सवर दाखवायचा शॉट १०० फ्रेम्सवर घ्यायचा. त्यासाठी दोन स्टॉप जास्त उजेड लागतो. शिवाय मागचं-पुढचं सगळं तीक्ष्ण दिसायला लेन्सचं छिद्र एफ/११ किंवा एफ/१६ इतकं लहान हवं, कारण मागचं धूसर झालं की वस्तू लहान आहे हे लगेच उघडं पडतं. म्हणून हा शॉट कडक उन्हात घ्या. कॅमेरा जीपशेजारी उभ्या इवल्या माणसाच्या डोळ्यांइतका खाली आणा. माती बारीक चाळणीने चाळून घ्या. पाणी आणि आग मात्र टाळा. थेंब आणि ज्वाळा काही मापात लहान होत नाहीत.

प्रश्न : पाइपने पाऊस पाडला, नट चिंब भिजला, पण पडद्यावर पाऊसच नाही.

पावसाच्या मागे दिवा नव्हता. थेंब मागून उजळले आणि त्यांच्या पाठीशी काही काळोखं असलं तरच दिसतात. समोरच्या उजेडात ते पारदर्शक होतात. पाइप वर आभाळाकडे धरा, म्हणजे पाणी फुटून थेंब होऊन पडेल. पावसाचा एक पडदा लेन्सपुढे अर्ध्या-एक मीटरवर, एक नटाच्या मागे, एवढं पुरतं; मधला नट नुसता ओला दिसला की झालं. जमीन आधीच भिजवून घ्या. दिवे आणि वायरींचे जोड पाण्यापासून दूर, जमिनीपासून वर ठेवा, आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर हा शॉट बॅटरीच्या दिव्यांवरच घ्या.