ग्रीक नटांचे बूट : तळ जाड की पातळ?

प्रश्न : सांगलीतील आमची हौशी नाट्यमंडळी इ.स.पू. पाचव्या शतकातील एक ग्रीक शोकांतिका मराठीत बसवत आहे. नटांसाठी त्या काळचे बूट येथील कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यायचे ठरले आहे. ग्रीक नट वीतभर जाड तळाचे बूट घालत, असे दिग्दर्शकांचे म्हणणे आहे. कारागिराला मात्र अशा बुटांवर कोणी चालू शकेल का, याचीच शंका वाटते. खरे काय मानावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या कारागिराची शंका रास्त आहे. उंच तळाच्या बुटांचे श्रेय अथेन्सचा शोकांतिकाकार एस्किलस याला देणारे मजकूर बरेच नंतरचे आहेत, आणि इटलीतील रिएटी येथे सापडलेली, पायांखाली ठोकळ्यांसारखे उंच तळ दाखवणारी नटाची हस्तिदंती मूर्ती रोमन काळातील आहे. पाचव्या शतकातील अथेन्सच्या रंगभूमीसाठी असा पुरावा ग्राह्य धरणे म्हणजे पेशवाईतील पागोटे यादवांच्या दरबारात नेऊन बसवणे होय.

त्या काळाच्या अगदी जवळचा पुरावा म्हणजे नेपल्सच्या संग्रहालयातील ‘प्रोनोमॉस कुंभ’. सुमारे इ.स.पू. 400 मध्ये रंगवलेल्या या भांड्यावर मुखवटे हातात घेतलेले नट दिसतात. त्यांचे बूट पोटरीपर्यंत येणारे, मऊ, नक्षीदार आणि पातळ तळाचे आहेत. या बुटाला कोथोर्नोस म्हणत. त्याच्या बांधणीविषयी एक उपयुक्त माहिती राजकारणातून मिळते. वारंवार पक्ष बदलणारा अथेन्सचा राजकारणी थेरामेनीस याला लोक ‘कोथोर्नोस’ म्हणत, कारण तो बूट कोणत्याही पायात बसे, असे ग्रीक इतिहासकार झेनोफनच्या ग्रंथात थेरामेनीसचा विरोधक क्रिटियस याच्या तोंडी आले आहे. म्हणजेच या बुटात डावा-उजवा भेद नव्हता आणि तो सैल होता. कारागिराला हे आवर्जून सांगावे, नाहीतर तो सवयीने दोन वेगळे फरमे (पायाच्या आकाराचे साचे) वापरेल.

चित्रांवर किती विसंबावे, हाही प्रश्न आहे. चित्रकार शिवण क्वचितच दाखवतो, आणि लाल-काळ्या भांड्यांवरून कातड्याचा रंग ठरवता येत नाही. शिल्पकार तर कित्येकदा केवळ तळ कोरून पट्टे रंगाने काढत. तो रंग उडाला की पट्टे दिसेनासे होतात. अथेन्समधील पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पपट्टीतील घोडेस्वारांचे, वरून झालरीसारखे कातडे लोंबणारे बूट मोहक आहेत, परंतु ते स्वारांचे आहेत; आपल्या नाटकातील राजाला ते देऊ नयेत. कापणीची पद्धत मात्र चित्रांतून चांगली कळते. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील एका भांड्यावर गिऱ्हाईक मेजावर उभे आहे आणि चांभार त्याच्या पायाभोवतीच कातडे कापतो आहे. आपल्या नटांची मापेही अशीच, त्यांना उभे करून घ्यावीत; बसलेल्या माणसाचा पाय तेवढा पसरत नाही.

कातड्याच्या बाबतीत सांगलीकरांची सोयच आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे येतात, आणि त्या चपलेसाठी बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले कातडे मिळते. ग्रीकही झाडांच्या साली व ओक वृक्षावरील गाठी कमावणीसाठी वापरत. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले कातडे टाळावे, कारण ती पद्धत एकोणिसाव्या शतकातील आहे आणि कापलेल्या कडेला तिची निळसर झाक लपत नाही. वरचा भाग शेळीच्या मऊ कातड्याचा आणि तळ म्हशीच्या कातड्याच्या एका थराचा करावा. टाच उचलू नये. कोल्हापुरीसारखी वेणी आणि अंगठा घालण्याचा मोह कारागिराला होईल, तेवढा आवरावा.

प्रश्न : कातडे कुजून जाते, तर मग ग्रीक पादत्राणांना खिळे मारत असत की नाही, हे कसे कळते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कातडे गेले तरी लोखंड आणि हाड उरते. अथेन्सच्या अगोरालगत, म्हणजे बाजारचौकालगत, त्याच्या हद्दीच्या दगडाशेजारच्या एका घरात इ.स.पू. पाचव्या शतकातील लोखंडी खिळे आणि नाडी ओवण्यासाठी केलेली हाडाची कडी सापडली. तेथेच ‘सिमोनचा’ असे कोरलेल्या पेल्याचे बूडही मिळाले. सॉक्रेटीस सिमोन नावाच्या चांभाराच्या दुकानात बसत असे, अशी परंपरागत कथा आहे. तो हाच सिमोन असावा, असे मला वाटते, मात्र पेल्यावरचे नाव हा त्याचा निर्णायक पुरावा नव्हे. अगोरातच सुमारे इ.स.पू. 900 मधील एका स्त्रीच्या दफनात भाजलेल्या मातीचे छोटे बूट मिळाले आहेत, त्यांवरून घोट्यापर्यंतचा आकार कळतो. तळाखाली खिळे मारणे हे रोजच्या वापराच्या, झिजणाऱ्या पादत्राणांचे लक्षण होते. वरील नाटकमंडळींना पहारेकऱ्यासाठी असा बूट हवा असल्यास खिळे बोथट करून घ्यावेत, कारण नाट्यगृहाच्या फळ्यांवर ते घसरतात आणि संवादांवर त्यांचा आवाज चढतो.