आधी गाडीखाली शिरा

प्रश्न : दादा, आमची आंबा-काजूची बाग गुहागर तालुक्यात डोंगरउतारावर आहे. शेवटचा रस्ता मातीचा, पावसात पिकअपही चढत नाही. रत्नागिरीत २००३ ची पेट्रोल मारुती जिप्सी किंग, फोर बाय फोर, बघून ठेवली आहे. इंजिन एका सेल्फला चालू होतं. नुकताच रंग दिलाय, खालूनही काळं कोटिंग केलंय. फोटो पाठवते आहे. यजमानांना पसंत आहे, मला मात्र एवढ्या जुन्या गाडीची धाकधूक वाटते. काय काय बघून घ्यावं?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, धाकधूक रास्त आहे, पण ती इंजिनापायी नको. हे १३०० सीसीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारं) इंजिन मारुती एस्टीमच्या घराण्यातलं. धूर मारत असलं तरी पैसे घालून नीट होतं.

मला खटकलं ते खालचं काळं कोटिंग. गाडी खाऱ्या हवेतली, आणि विकायच्या तोंडावर तिला खालून रंग. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी चढवायला सांगा आणि मिस्त्रीला घेऊन स्वतः खाली जा. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाट्यांचं टोक चासीला जोडणारे झुलते दुवे) चासीला जिथे बसतात तिथून सुरुवात करा. पान्याने हलकेच ठोकत पुढे सरका. धड लोखंड टणटण वाजतं. आत पापुद्रे सुटले असतील तर आवाज बद्द येतो आणि कोटिंगसकट खपल्या हातात येतात. मग वर येऊन मॅट उचला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघा. तिथला पत्रा बदलता येतो. पण शॅकलपाशी चासीला भोक असेल किंवा वेल्डिंगने पट्टी मारलेली दिसली, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नका. भरल्या गाडीनिशी चढावर मागचा बराच भार तिथे येतो.

आता फोर बाय फोर. फोटोत पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक आतल्या शाफ्टला जोडायची-सोडवायची कळ) दिसतायत. आतला शाफ्ट तुटलेला असला तरी फोर व्हीलचा लिव्हर बिनबोभाट पडतो, म्हणून नुसता लिव्हर टाकून दाखवला तर ते खरं धरू नका. सपाट जागेवर मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद, पहिला गिअर, लिव्हर ४एच (फोर व्हील, हाय) वर. एक पुढचं चाक जॅकवर उचला. हब फ्री असताना चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे, दोन्ही बाजूंचे हब लॉक केल्यावर अडलं पाहिजे. दोन्ही लॉक करूनही गरगरलं, तर आत कुठेतरी काहीतरी तुटलेलं आहे. दुसऱ्या चाकालाही हेच करा.

नंतर मऊ मातीच्या चढावर ४एल (फोर व्हील, लो) मध्ये चालवा. उतरताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर लिव्हर आपोआप उडी मारून बाहेर आला, तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) काम निघणार. डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील टाकून वळवू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल या गाडीत नाही, सगळा ताण शाफ्टवर जातो.

पुढच्या चाकांमागचे गोळे फडक्याने पुसून बघा. घट्ट ग्रीसऐवजी पातळ तेल गळत असेल तर आतला सील गेलाय. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचं तेल थोडं सोडून घ्या. दुधाळ आलं तर वहाळातलं पाणी आत शिरलंय.

कागदांत हयगय नको. वाहन नोंदणीची १५ वर्षं २०१८ मध्येच संपली, तेव्हा पुढचं नूतनीकरण कधीपर्यंत आहे ते आरसीवर वाचा. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, आताची फी आरटीओत विचारून घ्या. ग्रीन टॅक्सचीही पावती मागा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का मिळेपर्यंत पैसे देऊ नका. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबराभोवती घासल्याच्या खुणा असतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

रॅम्पवर घ्यायला मालक नाही म्हणाले, तर ताई, दुसरी गाडी बघा. आणि घेतलीतच, तर टायर मात्र पाऊस सुरू व्हायच्या आत बदला. फोटोतल्या टायरांची नक्षी गुळगुळीत झाली आहे, ते चिखल धरणार नाहीत.