‘हर्षद संख्या’ यातला हर्षद कोण?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘१४२८५७ ही हर्षद संख्या आहे असं वाचलं. हा हर्षद कोण? दुसरीकडे तिलाच कापरेकर संख्या म्हटलं होतं. मग बरोबर काय?’

हर्षद हे इथे कुणाचं नाव नाही. हर्ष देणारी ती हर्षद. शेवटचा ‘द’ संस्कृत ‘दा’ म्हणजे देणे या धातूचा. सुखद, दुःखद यांत तोच आहे. ढगाला जलद म्हणतात त्यातही तोच. (जलद गाडीतला ‘जलद’ मात्र फारसीतून आलेला.) हा शब्द संख्यांना दिला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते आणि आयुष्यभर आकड्यांत रमले.

एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला की ती हर्षद. १+४+२+८+५+७ = २७, आणि १४२८५७ ला २७ ने भागलं की ५२९१, बाकी शून्य. इंग्रजी पुस्तकांत यांनाच निवेन संख्या असंही म्हणतात. आपण मराठीत हर्षदच लिहावं, शब्द आपल्याच मास्तरांचा आहे.

कापरेकर संख्येची कसोटी वेगळी. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज? पुन्हा १४२८५७! त्यामुळे दोन्ही नावं बरोबर. जो गुण सांगायचा असेल ते नाव घ्यावं. शिवाय ती विषम आहे, संयुक्त आहे (३×३×३×११×१३×३७), आणि १/७ च्या दशांशात फिरत राहणारी चक्रीय संख्या म्हणून तर प्रसिद्धच आहे.

कापरेकरांचं तिसरं नावही तिला लागू पडतं. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: १५ पासून २१. पण २० अशी कुठूनच येत नाही. अशा संख्यांना त्यांनी गावावरून ‘देवळाली संख्या’ म्हटलं. मला ‘स्वयंभू’ हा शब्दही फार शोभून दिसतो. आता १४२८५७ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिची जन्मदात्रीही ९ च्या पटीतलीच हवी. जवळच्या पटी तपासू: १४२८४८ पासून १४२८७५ मिळते, १४२८३९ पासून १४२८६६, १४२८३० पासून १४२८४८, १४२८२१ पासून १४२८३९. त्याहून मागे गेलं तर अंकांची बेरीजच तोकडी पडते. म्हणजे ती स्वयंभू!

एकच विनंती. ‘१४२८५७ हा अंक हर्षद आहे’ असं लिहू नका. अंक शून्य ते नऊ, एवढे दहाच. ही सहा अंकी संख्या आहे.