बाल्कनीत फुलपाखरं यावीत म्हणून कोणती फुलझाडं लावू?

फुलझाडांचं नंतर बघू. आधी घरात अळ्या चालणार आहेत का, ते ठरवा. फुलावर फुलपाखरू मध प्यायला येतं आणि जातं. ते टिकतं जिथे अंडी घालायला हवं ते पान मिळतं तिथे. कढीपत्ता किंवा लिंबू लावलंत तर कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय येतील. रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. २०१५ साली आपण निलवंताला राज्य फुलपाखरू केलं, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातली पानं खातात.

मी हे इतक्या तावातावाने लिहितेय ते आमच्या तगरीमुळे.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगला लागून तगरीची चार झाडं आहेत. एका पावसाळ्यात त्यांच्यावर ओलिएंडर हॉक मॉथ या पतंगाच्या अळ्या झाल्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे-पांढरे ठिपके. रात्रीतून फांदीच्या फांदी साफ. खाली स्कूटरच्या सीटवर मिऱ्यांएवढ्या लेंड्या, मग तक्रारी सुरू. त्यातली एक अळी मला जिन्यापाशी फरशीवर सापडली, तपकिरी झालेली. कोषात जायची वेळ आली की या अळ्या रंग बदलतात आणि झाडावरून उतरून पालापाचोळा शोधतात. आमच्याकडे पाचोळा रोज सकाळी सात वाजता झाडून पोत्यात जातो.

मी तिला आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यात ठेवलं. थोडी माती, वाळकी पानं, एक उभी काटकी. सोळाव्या रात्री डब्यात खुडबुड ऐकू आली. पतंग काटकीवर चढून लटकला होता, पंख चुरगळलेले, ओले. अर्ध्या तासात ते पसरले. हिरव्या रंगात गुलाबी आणि पांढऱ्या लाटा, संगमरवरावर असाव्यात तशा. माझा मुलगा तोवर झोपायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी फोटो दाखवला. सेक्रेटरी काका म्हणाले, ‘‘ताई, हे फुलपाखरू नाही, पतंग आहे.’’ आणि फवारणी ठरली.

हे मला आजही पटत नाही. भारतात फुलपाखरांच्या जाती साधारण १,३०० ते १,४००, पतंगांच्या १०,०००हून जास्त. रात्री उमलणाऱ्या कितीतरी फुलांचं परागीभवन पतंग करतात, आणि दयाळ, शिंपी हे पक्षी पिल्लांना अळ्या भरवतात. फवारणारा पंप पतंगाची अळी कुठली आणि फुलपाखराची कुठली, ते बघत नाही. तगरीशेजारच्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारक्या अळ्या होत्या, त्या कॉमन मॉर्मनच्या. त्याही गेल्या.

बाल्कनीपुरतं सांगायचं तर कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवा, एक त्यांना, एक फोडणीला. मधासाठी पेंटास, सदाफुली पुरे. नर्सरीतलं रोप बहुधा फवारलेलं असतं, तेव्हा नवी पालवी फुटेपर्यंत अळ्यांची आशा धरू नका. रुई आणि तगरीचा चीक विषारी असतो, घरात लहान मूल असेल तर या कुंड्या नकोतच. आणि सगळ्या अळ्या जगत नाहीत, बऱ्याच गांधीलमाश्या आणि पक्षी नेतात. ते चालायचंच.

तुमच्या सोसायटीत फवारणीचा विषय निघाला तर विरोध लेखी द्या. मी नुसता तोंडी केला. आमच्या इतिवृत्तात तो ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ असा आहे. सर्वानुमते नव्हता.